लहान व्यवसायाची ई-मेल आणि ऑफिसचं काम क्लाउडवर नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार माणसांचं ऑफिस असो की चाळीस माणसांचं, मेल आणि फायली क्लाउडवर न्यायची वेळ आली की मालक, अकाउंटंट आणि ‘कॉम्प्युटरचं सगळं तोच बघतो’ असा एखादा सहकारी मला साधारण हेच प्रश्न विचारतात. तांत्रिक भाग आता बराच सोपा झालाय. काम अडतं ते डोमेन कुणाच्या नावावर आहे, पासवर्ड कुणाच्या डोक्यात आहे आणि दहा प्रतींपैकी खरी फाईल कुठली, इथे. म्हणून त्याबद्दल खाली जास्त लिहिलंय.

मेल व्यवस्थित चालू आहे. मग हलवायची कशाला?

चालू आहे म्हणजे नेमकी कुठे चालू आहे, ते आधी बघा. मेल एकाच कॉम्प्युटरवर ‘पॉप’ पद्धतीने उतरत असेल, तर तुमचा सगळा पत्रव्यवहार एका हार्डडिस्कच्या भरवशावर आहे. पॉपची मूळ पद्धतच अशी, की मेल सर्व्हरवरून खाली घ्यायची आणि सर्व्हरवरची पुसून टाकायची. सर्व्हरवर जागा फार थोडी मिळायची, त्या काळात ते योग्यच होतं.

एका ऑफिसात अकरा वर्षांची मेल अशीच एका टेबलाखालच्या कॉम्प्युटरमध्ये होती. एके सकाळी तो सुरू होईना. कान लावला तर आतून टक-टक असा ठरावीक आवाज. त्याच दिवशी मालकांना एका ग्राहकाने दर मान्य केल्याची तीन वर्षांपूर्वीची मेल हवी होती. वेबमेल उघडून पाहिली, तर तिथे आदल्या संध्याकाळनंतर आलेली सात पत्रं फक्त. बाकी सगळं त्या टक-टक करणाऱ्या डिस्कमध्ये. दर मान्य केल्याचा तो पुरावा शेवटी त्या ग्राहकाकडेच मागावा लागला.

तुमची मेल आधीपासून सर्व्हरवर राहत असेल, फोनवर आणि कॉम्प्युटरवर सारखीच दिसत असेल आणि फायलींचा नियमित बॅकअप होत असेल, तर घाई करू नका. सवडीने, नीट तयारी करून हलवा.

क्लाउड म्हणजे आमचा डेटा नक्की कुठे जातो?

सेवा देणाऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर, एकाहून अधिक प्रतींमध्ये. तुमच्याकडे राहतो तो ब्राउझर किंवा अ‍ॅप, आणि त्यात दिसणारी तात्पुरती प्रत. डेटा कुठल्या देशात ठेवला जावा याचं बंधन तुमच्या धंद्यावर असेल, तर तो मुद्दा करारावर सही करण्याआधी लेखी विचारून घ्या.

गूगल घ्यावं, मायक्रोसॉफ्ट घ्यावं, की आणखी काही?

तुमचं रोजचं काम कशात चालतं त्यावर ठरवा. ऑफिसचा कणा एक्सेल असेल, त्यात वर्षानुवर्षं जमवलेले मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम, असतील, तर मायक्रोसॉफ्ट ३६५ कडे जा, आणि डेस्कटॉपवरचं एक्सेल ज्या प्लॅनमध्ये मिळतं तोच घ्या. व्हीबीए या एक्सेलमधल्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले मॅक्रो गूगल शीट्समध्ये चालत नाहीत, आणि ब्राउझरमधल्या एक्सेलमध्येही चालत नाहीत. हे खरेदीनंतर कळलं की फार मनस्ताप होतो. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. गूगल शीट्सच्या एका फाईलला एकूण १ कोटी सेलची मर्यादा आहे. बहुतेक लहान व्यवसाय यातल्या कुठल्याच मर्यादेजवळ पोचत नाहीत, तेव्हा नुसत्या आकड्यांवरून ठरवू नका.

उलट तिघाचौघांनी एकाच वेळी एकाच फाईलवर काम करायचं असेल, माणसं बरीचशी फोनवर असतील आणि वर्ड-एक्सेलची सवय मुळात कमी असेल, तर गूगल वर्कस्पेस लवकर अंगवळणी पडतं. पुष्कळ मेलबॉक्स हवेत आणि कागदपत्रांचं काम थोडं, अशा ठिकाणी झोहोसुद्धा चांगला पर्याय ठरतो.

एक सूचना. मदत शोधताना जुनी नावं समोर येतील, तेव्हा गोंधळू नका. गूगलने ही सेवा २००६ मध्ये वेगळ्या नावाने सुरू केली, २०१६ मध्ये ती जी सूट झाली आणि २०२० मध्ये वर्कस्पेस. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस ३६५ आलं २०११ मध्ये, आणि लहान व्यवसायांच्या प्लॅनना मायक्रोसॉफ्ट ३६५ हे नाव मिळालं २०२० मध्ये. सूचनांचं पान जुन्या नावाचं असेल, तर त्यातले मेनूही आता जागेवर नसतील.

आमचं फुकटचं जीमेल चालतंय की. पैसे कशाचे द्यायचे?

पैसे देता ते मुख्यतः मालकीचे. फुकटचं अकाउंट ज्याने काढलं त्याचं असतं. सेल्समधला माणूस आपल्या वैयक्तिक जीमेलवरून चार वर्षं ग्राहकांशी बोलत असेल, तर तो सोडून जाताना ती चार वर्षं त्याच्याबरोबर जातात, आणि तुम्ही कायद्याने किंवा तंत्राने काहीही करू म्हटलंत तरी हातात पटकन काही येत नाही. व्यवसायाच्या प्लॅनमध्ये अकाउंट कंपनीचं असतं. पासवर्ड बदलणं, अकाउंट थांबवणं, फायली दुसऱ्याच्या नावावर करणं हे सगळं अ‍ॅडमिनला करता येतं.

आमचं डोमेन वेबसाइट करून देणाऱ्याने घेतलंय. काही अडचण येईल का?

येऊ शकते, आणि सगळ्यात मोठी अडचण हीच. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

तुमच्या मेल पत्त्यात @ नंतर जे नाव येतं ते तुमचं डोमेन. मेल कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर जावी हे त्या डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं. ती सेटिंग ज्याच्या हातात, त्याच्या हातात तुमची मेल. बँकेचा ओटीपी, पासवर्ड बदलण्याची लिंक, सरकारी पोर्टलचं लॉगिन, सगळं मेलवर येतं. म्हणजे डोमेनची किल्ली ही तिजोरीच्या किल्लीच्याही वरची.

तरीही होतं असं, की पाच-सात वर्षांपूर्वी वेबसाइट केली तेव्हा त्या मुलाने आपल्याच अकाउंटमधून डोमेन घेतलं. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता, तेव्हा सोपं पडलं इतकंच. आता तो दुसरीकडे नोकरीला लागलाय, फोन लागत नाही, आणि नूतनीकरणाची आठवण करणारी मेल त्याच्या जुन्या पत्त्यावर जाते. डोमेनची मुदत संपली की वेबसाइट आणि मेल दोन्ही एकदम बंद पडतात. त्यानंतर ठरावीक काळात ते सोडवून घेतलं नाही, तर जगातला कुणीही ते नाव विकत घेऊ शकतो.

म्हणून मेल हलवण्याचा विचार मनात आला त्याच दिवशी चार गोष्टी शोधून काढा: डोमेन कुठल्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे) आहे, तिथलं लॉगिन कुणाचं आहे, मुदत कधी संपते, आणि डीएनएस तिथेच आहे की होस्टिंग कंपनीकडे (वेबसाइट जिच्या सर्व्हरवर आहे तिच्याकडे). मग डोमेन कंपनीच्या नावाने काढलेल्या अकाउंटमध्ये बदलून घ्या. त्या अकाउंटला पत्ता देताना त्याच डोमेनवरचा देऊ नका, कारण डोमेन बंद पडलं की तो पत्ताही बंद, आणि मग आत जायलाच रस्ता उरत नाही. वेबसाइट करणाऱ्याशी गोडीने बोला, त्याचे काही पैसे राहिले असतील तर आधी देऊन टाका. पुढच्या कामाला त्याची मदत लागणारच आहे.

एमएक्स, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे काय प्रकार आहेत? आम्हाला कळायला हवेत का?

या चारही डोमेनच्या डीएनएसमध्ये लिहायच्या नोंदी. सेटिंग दुसरं कुणी करून दिलं तरी अर्थ माहीत असावा. एमएक्स सांगतो, ‘या डोमेनची मेल अमुक सर्व्हरवर आणून टाका.’ एसपीएफ सांगतो, ‘आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी एवढ्यांनाच आहे.’ डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवर बसणारी डिजिटल मोहोर; वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही. आणि डीमार्क सांगतो, की या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं समोरच्याने काय करावं.

हे पूर्वी बरेच जण सोडून द्यायचे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. आता किमान एसपीएफ किंवा डीकेआयएम हवंच, आणि जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना डीमार्कसह तिन्ही लागतात. तुम्ही एवढ्या पाठवत नसलात तरी तिन्ही लावाच. कोटेशन ग्राहकाच्या स्पॅममध्ये पडलं, तर ते पडल्याचं तुम्हाला कुणी सांगायला येत नाही.

इथे नेहमी होणाऱ्या चुका दोन. नवीन सेवेने दिलेली एसपीएफची ओळ लोक जुन्या ओळीखाली दुसरी म्हणून टाकतात. एका डोमेनला एसपीएफ रेकॉर्ड एकच चालतो. दोन झाले की तपासणीच फसते. दोन्ही सेवा चालू असतील तर त्यांची नावं एकाच ओळीत लिहायची, आणि त्या ओळीतून होणाऱ्या डीएनएस चौकशा दहाच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत. दुसरी चूक डीमार्कची. पहिल्याच दिवशी ‘नापास मेल नाकारा’ असं लावलं, तर बिलिंग सॉफ्टवेअरमधून जाणारी तुमची स्वतःची बिलंही नाकारली जाऊ शकतात. आधी काही आठवडे फक्त अहवाल मागवणाऱ्या पातळीवर ठेवा, तुमच्या नावाने कोण कोण मेल पाठवतंय ते बघा, मग कडक करा.

बदल होताना मधली मेल हरवेल का?

सहसा हरवत नाही. समोरचा सर्व्हर लागला नाही तर पाठवणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. साधारण चार-पाच दिवस करावा असा संकेत आहे. खरा घोळ होतो तो मेल दोन ठिकाणी विभागली जाण्याचा. एमएक्स बदलल्यावर काही काळ कुणाची मेल जुन्या मेलबॉक्समध्ये येते, कुणाची नव्या. तो काळ लहान करायचा असेल, तर बदलाच्या दोन दिवस आधी एमएक्सचा टीटीएल कमी करा. टीटीएल म्हणजे जुना पत्ता इतरांनी किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा. तो ८६,४०० असेल तर एक अख्खा दिवस, ३०० केला तर पाच मिनिटं. आणि बदलानंतर जुन्या मेलबॉक्सचं शेवटचं सिंक, म्हणजे दोन्हीकडची मेल सारखी करून घेणं, पुन्हा एकदा चालवा.

आणखी एक जागा आहे, तिथे मेल गुपचूप साचत राहते, आणि ती महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. वेबसाइट जुन्याच होस्टिंगवर असते. तिच्यावरचा ‘संपर्क करा’ हा फॉर्म कुणी भरला की ती मेल त्याच सर्व्हरवरून निघते. त्या सर्व्हरला अजून वाटत असतं की या डोमेनची मेल आपल्याकडेच राहते. तो बाहेर विचारतच नाही, सरळ जुन्या मेलबॉक्समध्ये टाकून मोकळा होतो. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये मेल राउटिंग ‘लोकल’ असतं ते ‘रिमोट’ करा, आणि फॉर्म स्वतः भरून मेल नव्या इनबॉक्समध्ये येते का बघा. नवीन ग्राहकाची पहिली चौकशी याच दाराने येते.

किती वेळ लागेल?

मेलबॉक्स तयार करायला एक दुपार पुरते. वेळ खातं ते डेटा वर चढवणं. तुमच्या इंटरनेटचा अपलोड वेग बघा; जाहिरातीत असतो तो बहुधा डाउनलोडचा. अपलोड २० एमबीपीएस असेल, तर १०० जीबी चढायला कागदावर ११ तासांच्या आसपास लागतात, ५ एमबीपीएस असेल तर ४४ तास. प्रत्यक्षात याहून जास्तच, कारण लहान लहान हजारो फायली हळू चढतात आणि सेवाही मध्येच वेग आवळते. म्हणून जुना डेटा आधीच्या आठवड्यात रात्री-रात्री चढवून ठेवायचा आणि शेवटच्या दिवशी फक्त फरक न्यायचा. बिलांची, पगाराची किंवा कर भरण्याची तारीख तोंडावर असेल तेव्हा हे काम हातात घेऊच नका.

जुनी मेल सगळी न्यायची का? काही मागे राहतं का?

मेल न्या. निवडत बसण्यात जो वेळ जातो त्यापेक्षा जागा स्वस्त पडते. पण ‘आयमॅप’ (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याच्या) पद्धतीने नेलीत तर फक्त मेल आणि तिचे फोल्डर जातात. कॉन्टॅक्ट, कॅलेंडर, सह्या, आपोआप लागणारे नियम हे सगळं वेगळं न्यावं लागतं. आणि एक गोष्ट कुणालाच आठवत नाही. पत्ता टाइप करायला लागलं की खाली जी नावं आपोआप सुचतात, ती बऱ्याचदा कॉन्टॅक्टमध्ये नसतातच. प्रोग्रामने ती आपली आपण लक्षात ठेवलेली असतात. पंधरा वर्षं एकाच टेबलावर बसलेल्या अकाउंटंटची अख्खी वही म्हणजे ती यादी. बदलाआधी त्यांच्या शेजारी बसा, नेहमीचे साठ-सत्तर पत्ते कॉन्टॅक्टमध्ये भरून घ्या. तासाभराचं काम आहे, पण सोमवारी सकाळी त्यांना परक्या घरात आल्यासारखं वाटणार नाही.

आउटलुक ज्यांत मेल साठवतं त्या पीएसटी फायली कॉम्प्युटरवर शोधा, त्या एकाहून जास्त असतात. फार जुन्या प्रकारच्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती, म्हणून लोक भरली की नवीन काढत असत. मूळ फाईल बाहेरच्या डिस्कवर ठेवून प्रतीवरच काम करा.

फायली जशा आहेत तशाच चढवाव्या का?

मेलच्या बाबतीत ‘सगळं न्या’ म्हणालो, फायलींच्या बाबतीत उलट सांगेन. आधी आवरा. एकाच कोटेशनच्या ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल साहेबांचं’ अशा प्रती असतील, तर क्लाउडवर जाऊन त्या एक होत नाहीत. कुठली खरी हे ज्याला माहीत आहे तो माणूस आज ऑफिसात आहे, तोवरच हे काम होतं. ज्यांना दोन वर्षांत कुणी हात लावला नाही असे फोल्डर ‘जुनं’ म्हणून वेगळे ठेवा.

फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात फोल्डर आणि प्रत्येकाला लांबलचक नाव असेल तर सिंक अडतं. वनड्राइव्हमध्ये पूर्ण मार्गाला ४०० अक्षरांची मर्यादा आहे, आणि विंडोजवरचे बरेच प्रोग्राम २६० च्या पुढे गडबडतात. नावं आखूड करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कंपनीच्या फायली कुणा एकाच्या ‘माय ड्राइव्ह’मध्ये किंवा वैयक्तिक वनड्राइव्हमध्ये ठेवू नका. गूगलमध्ये शेअर्ड ड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टमध्ये शेअरपॉइंट यासाठीच आहे. तिथली फाईल कंपनीची असते, माणूस गेला तरी जागेवर राहते. पगार, करार आणि हिशेब यांचे फोल्डर वेगळे करा आणि ते कुणाला दिसतात हे मालकांनी स्वतः बसून ठरवा. ‘लिंक असेल त्या कुणालाही दिसेल’ ही सोय अशा फोल्डरवर कधीच वापरू नका.

जुन्या मराठी फायली क्लाउडवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाईल खराब झाली का?

नाही, फाईल शाबूत आहे. ती युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या सामाईक पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा पद्धतींत संगणकाच्या लेखी साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा आकार चढवतो. ब्राउझरमध्ये तो फॉन्ट नसतो, म्हणून आतली अक्षरं उघडी पडतात. अशा फायली शोधातही सापडत नाहीत, आणि ग्राहकाच्या फोनवरही तशाच दिसतात.

सगळ्या फायली बदलत बसू नका. रोज वापरात असलेले नमुने, लेटरहेड, करारांचे मसुदे एवढे कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि कुणाकडून तरी ओळ न् ओळ वाचून घ्या. जोडाक्षरं, रफार आणि आकडे इथे चुका राहतात, आणि करारातला एक आकडा चुकला तरी महागात पडतं. बाकीच्या जुन्या फायली, ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट अजून आहे तिथून पीडीएफ करून ठेवा. यापुढे टायपिंग फक्त युनिकोडमध्ये, हे मात्र त्याच दिवशी ठरवून टाका.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवला तर?

ठेवू नका. वर्ड-एक्सेलची फाईल आपण लिहितो, जतन करतो, बंद करतो. हिशेबाचा डेटाबेस सतत उघडा असतो आणि त्याच्या अनेक फायली एकमेकींशी जुळलेल्या असाव्या लागतात. सिंक त्यातली एक आता उचलतं, दुसरी मिनिटाने. दोन कॉम्प्युटरवरून काम झालं तर दोन वेगळ्या प्रती होतात आणि डेटा बिघडतो. सॉफ्टवेअरने स्वतः तयार केलेली बॅकअप फाईल क्लाउडवर ठेवायला हरकत नाही, चालू डेटा नको.

इन्फो, सेल्स, अकाउंट्स या सामाईक पत्त्यांचं काय करायचं?

एक पासवर्ड पाच जणांत वाटणं आता बंद करा. मायक्रोसॉफ्टमध्ये ‘शेअर्ड मेलबॉक्स’ करता येतो, त्याला ५० जीबीपर्यंत वेगळा परवाना लागत नाही, आणि प्रत्येक जण आपल्याच लॉगिनने तो उघडतो. गूगलमध्ये ‘ग्रुप’ करून त्याची सामाईक इनबॉक्स करता येते. कुणी उत्तर दिलं ते दिसतं, आणि माणूस बदलला तर फक्त त्याचं नाव काढायचं.

मेल हलवल्यापासून स्कॅनर मेल पाठवेना.

हे इतक्या ठिकाणी होतं की मी आता स्कॅनर आणि प्रिंटरपासूनच यादी सुरू करतो. जुन्या यंत्रांना नाव आणि पासवर्ड एवढंच कळतं. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून ही साधी लॉगिन पद्धत बंद करायला घेतली, आणि गूगलनेही तो दरवाजा लावून घेतला. गूगलमध्ये दोन टप्प्यांचं लॉगिन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारं) लावून १६ अक्षरांचा वेगळा अ‍ॅप पासवर्ड काढता येतो, तो यंत्रात घालायचा. यंत्र जुनं असेल तर मेलचा नाद सोडून, स्कॅन थेट ऑफिसातल्या एका फोल्डरमध्ये पडेल असं करा. ते जास्त दिवस टिकतं. बिलिंग सॉफ्टवेअर, सीसीटीव्ही, हजेरीचं यंत्र, यातून कुणीकुणी मेल पाठवतं तेही आधी शोधून ठेवा.

क्लाउड सुरक्षित असतं ना?

डेटा सेंटर तुमच्या ऑफिसपेक्षा नक्कीच सुरक्षित असतं. चोर तिथे जातच नाही, तो तुमच्या माणसाचा पासवर्ड मागतो. अगदी खऱ्यासारखं दिसणारं लॉगिनचं पान, त्यात एकाने पासवर्ड भरला की काम झालं. मग तो आरडाओरडा करत नाही. गुपचूप एक नियम लावतो, की ‘पेमेंट’ किंवा ‘इन्व्हॉइस’ असा शब्द असलेली मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठवा आणि इथून लपवा. काही आठवडे वाचतो. एक दिवस तुमच्या ग्राहकाला तुमच्याच पत्त्यावरून, तुमच्याच सहीसकट मेल जाते: आमचं बँक खातं बदललंय, यापुढे पैसे इथे भरा.

म्हणून दोन टप्प्यांचं लॉगिन सगळ्यांना सक्तीचं, मालकांनाही. एसएमएसपेक्षा फोनवरच सतत बदलता कोड देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप बरं, पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या बोटाच्या ठशाने किंवा पिनने होणारं लॉगिन) त्याहून बरी. बाहेर आपोआप मेल पाठवणारे नियम अ‍ॅडमिनकडून बंद करून टाका. आणि एक रिवाज ठरवा: कुणाचाही खाते क्रमांक बदलल्याची मेल आली तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर कधीच नाही.

अ‍ॅडमिन दोघं ठेवा. एकाचा फोन हरवला किंवा तो आजारी पडला तर दुसऱ्याने आत जाता यावं. अ‍ॅडमिनचं लॉगिन रोजच्या मेलच्या लॉगिनपेक्षा वेगळं हवं, आणि रिकव्हरी कोड कागदावर छापून कुलपात.

क्लाउडवर असताना वेगळा बॅकअप कशाला?

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे फाईल पुसली की ती तिथेही पुसली जाते. कचराकुंडीतून परत आणता येते, पण मुदत असते: गूगल ड्राइव्हमध्ये ३० दिवस, व्यवसायाच्या वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंटमध्ये ९३ दिवस. मार्चमध्ये पुसलेला फोल्डर सप्टेंबरमध्ये आठवला तर काही हाती लागत नाही. फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस आला तर वनड्राइव्ह मागच्या ३० दिवसांतल्या कुठल्याही क्षणाला परत नेता येतं, तेही लगेच लक्षात आलं तरच. वेगळ्या कंपनीची बॅकअप सेवा घ्या, किंवा निदान दर महिन्याला सगळं उतरवून बाहेरच्या डिस्कवर ठेवा. आणि वर्षातून दोनदा एखादी फाईल त्यातून खरोखर परत आणून बघा.

इंटरनेट गेलं तर काम ठप्प?

डेस्कटॉपवरचे प्रोग्राम आणि आधी उतरवलेल्या फायली चालतात, जोडणी आली की बदल वर जातात. गूगलमध्ये ऑफलाइन सोय आधी चालू करून ठेवावी लागते. धंदा मेलवर अवलंबून असेल तर दुसऱ्या कंपनीचं एक कनेक्शन राखून ठेवा.

आमची जुनी माणसं हे वापरतील का?

वापरतात, त्यांना घाबरवलं नाही तर. एक मोठं प्रशिक्षण घेऊन उपयोग होत नाही. पहिल्या आठवड्यात रोज पंधरा मिनिटं, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच फाईलवर बसा. सुरुवात ‘व्हर्जन हिस्टरी’ने करा. एका बाईंना मी त्यांची पगाराची शीट मुद्दाम बिघडवायला लावली आणि मग दहा मिनिटांपूर्वीची जशीच्या तशी परत आणून दाखवली. त्यांनी स्वतः ते तीनदा करून पाहिलं, आणि मग माझ्याकडे न बघता पुढे काम करायला लागल्या. आपल्या हातून काही कायमचं बिघडणार नाही ही खात्री पटली, की माणूस बाकीचं आपलं आपण शिकतो.

कुणी नोकरी सोडली तर त्याचं अकाउंट लगेच पुसायचं का?

लगेच थांबवा, पुसू नका. आधी पासवर्ड बदला, चालू लॉगिन सगळीकडून बाहेर काढा, त्याच्या फायली दुसऱ्याच्या नावावर करा, मेल कुणाकडे वळवायची ते ठरवा. पुसलेला वापरकर्ता गूगलमध्ये २० दिवसांत आणि मायक्रोसॉफ्टमध्ये ३० दिवसांत परत आणता येतो, त्यानंतर त्याचा डेटा जातो. परवान्याचे पैसे वाचवायच्या घाईत हीच मुदत उलटून जाते.

जुनी सेवा कधी बंद करायची?

निदान एक महिना चालू ठेवा. त्या महिन्यात आठवड्यातून एकदा जुने मेलबॉक्स उघडून नवीन काही येतंय का ते बघा. आलं तर कुठून आलं ते शोधा. बहुतेक वेळा वेबसाइटचा फॉर्म किंवा कुठलंतरी यंत्र निघतं. चार आठवडे काही आलं नाही की सगळे मेलबॉक्स शेवटचे उतरवून घ्या आणि मग बंद करण्याचा अर्ज द्या.

तो देण्याआधी जुन्या कंपनीचं शेवटचं बिल काढून ओळ न् ओळ वाचा. मेल, होस्टिंग आणि डोमेन बऱ्याचदा एकाच पॅकेजमध्ये असतात, आणि ‘सगळं बंद करा’ म्हटलं की डोमेनही त्यातच जातं. डोमेन वेगळं काढून तुमच्या अकाउंटमध्ये आलंय, डीएनएसही तिकडे हललंय, वेबसाइट उघडतेय आणि पुढच्या वर्षाचं नूतनीकरण भरलंय, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्या अर्जावर सही करू नका.